शेवटच्या सोळांतला जावई

पाराग्वेतल्या लुके गावात फुटबॉलविषयी काही अडलं तर एलिहिओ बोगादो यांना विचारावं, असं खुद्द एलिहिओ बोगादो यांचं ठाम मत होतं. लोक विचारत नसत, कारण विचारायची वेळच येत नसे. उत्तर आधीच मिळालेलं असे. त्यांचं चांदीच्या तारकामाचं दुकान होतं. एखादी बाई कर्णफुलं बघायला यायची आणि जाताना कर्णफुलांबरोबर खंडातल्या क्लबांच्या स्पर्धांचं पायाभूत शिक्षणही घेऊन जायची. मोठी स्पर्धा लिबेर्तादोरेस, धाकटी सुदामेरिकाना. मोठीत देशोदेशीचे पहिले क्लब, धाकटीत त्यांच्या पाठचे. आधी चारचारांचे गट, मग शेवटचे सोळा, मग आठ, असं करत करत शेवटी एक सामना आणि एक करंडक. "सोपं आहे," असं ते दर वेळी म्हणत आणि मग पाऊण तास बोलत.

या अधिकाराला आधारही होता. अख्ख्या दक्षिण अमेरिकेचा फुटबॉल जिथून चालतो ती महासंघाची इमारत लुकेतच, विमानतळाच्या रस्त्यावर उभी आहे. फार वर्षांपूर्वी तिथले कुणी साहेब बायकोच्या वाढदिवसासाठी कर्णफुलं घ्यायला एलिहिओंच्या दुकानात आले होते. बोलणं झालं ते फक्त कर्णफुलांच्या आकाराबद्दल. पण त्या दिवसापासून एलिहिओ स्पर्धेच्या नियमांविषयी "आमच्यात असं ठरलंय" अशा थाटात बोलू लागले.

त्यांचा स्वतःचा क्लब म्हणजे यूकीरी. गावाजवळच्या ओढ्याचं नाव, हिरवा शर्ट, आणि खेळही ओढ्यासारखाच: हंगामाच्या सुरुवातीला भरून वाहायचा आणि पुढे आटायचा. खंडाच्या स्पर्धेत यूकीरीने पाऊल टाकलं ते मोजून दोनदा, आणि दोन्ही वेळा पाऊल पुरतं टेकायच्या आत ते परत घरी आलं होतं. एलिहिओंचं प्रेम मात्र कधी आटलं नाही. एकुलती एक मुलगी नोएलिया, तिला त्यांनी अक्षरओळखीच्या आधी ऑफसाइड शिकवला. दर रविवारी टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडल्या जात, उजवीकडची बापाची, डावीकडची लेकीची. ती मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, तरी रविवारी खुर्ची चुकली नाही.

आणि मग एक दिवस तिने देर्लिसला घरी आणलं.

देर्लिस राजधानीचा, असुन्सिओनचा पोरगा. एसी आणि फ्रीज दुरुस्त करायचा. पाराग्वेच्या उकाड्यात असा जावई मिळणं म्हणजे लॉटरी लागण्यासारखंच, आणि नोएलियाची आई देओलिंदाबाई हे पहिल्या अर्ध्या तासातच ओळखून चुकल्या, कारण तेवढ्या वेळात त्याने त्यांच्या फ्रीजरची घरघर बंद केली होती. जेवायला बसल्यावर एलिहिओंनी त्याला पहिला प्रश्न विचारला. माणसाचं नाव विचारायच्या आधी ते हाच प्रश्न विचारत. कुठला क्लब?

"मारिस्काल," देर्लिस म्हणाला.

एलिहिओंचा घास तोंडाशी थांबला. मारिस्काल म्हणजे राजधानीतला लाल शर्टवाल्यांचा श्रीमंत क्लब. यूकीरीचा चांगला खेळाडू दिसला की उचलून न्यायचा आणि वर दर वर्षी यूकीरीला हरवायचा. त्या दिवसापासून देर्लिसमध्ये एलिहिओंना दुसरं काही दिसेना. तो सरळ होता, कामसू होता, वडीलधाऱ्यांशी अदबीने वागायचा, एलिहिओंना 'काराई' म्हणजे साहेब म्हणायचा, आणि हे सगळं तो मुद्दाम करतो असं एलिहिओंचं म्हणणं होतं.

खरं सांगायचं तर गोष्ट क्लबाची नव्हतीच, किंवा निम्मीच क्लबाची होती. मुलगी लग्न करून असुन्सिओनला गेली की डावीकडची खुर्ची रिकामी पडणार होती. देओलिंदाबाईंना फुटबॉलचा तिटकारा. रिकाम्या खुर्चीशेजारी बसून यूकीरीला हरताना एकट्याने बघायचं, ही कल्पनाच एलिहिओंना सोसत नव्हती. पण पुरुषाने हे बोलायचं कसं? त्यापेक्षा मारिस्कालला शिव्या देणं सोपं होतं.

वर्षभर हे असं चाललं. शेवटी नोव्हेंबरातल्या एका रविवारी सगळे नातेवाईक जेवायला जमलेले असताना देओलिंदाबाईंनी लग्नाचा विषय काढला. एलिहिओंना सगळ्यांनी घेरलं. त्यांना कोंडीतून सुटायचं होतं आणि सुटायची एक झकास वाट त्यांना दिसली. हंगाम संपत आला होता. मोठ्या स्पर्धेच्या जागा भरल्या होत्या, धाकट्या स्पर्धेच्याही जागा यूकीरीच्या अगदी वरच्या क्लबापाशी संपत होत्या. म्हणजे यूकीरीला यंदा खंडाच्या स्पर्धेत शिरायलाच दार नव्हतं. एलिहिओ उठले, भिंतीवरच्या काकुपेच्या मेरीमाऊलीच्या तसबिरीसमोर गेले आणि छातीवर हात ठेवून उभे राहिले. जेवणारे थांबले. पाराग्वेतला माणूस सरकारला दिलेला शब्द मोडेल, सासऱ्याला दिलेला मोडेल, पण काकुपेच्या माऊलीला दिलेला शब्द मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

"येत्या वर्षात यूकीरी खंडाच्या स्पर्धेत शेवटच्या सोळांत गेलं," एलिहिओ म्हणाले, "तर मी स्वतः नोएलियाला हात धरून चर्चात नेईन आणि या पोराच्या हवाली करीन. माऊलीसमोर सांगतो. तोवर या घरात लग्नाचं नाव काढायचं नाही."

नातेवाइकांनी माना खाली घातल्या. हा माणूस नाही म्हणतोय, हे सगळ्यांना समजलं. तेवढ्यात नोएलिया उठली आणि बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आणि नाही गेलं, तर मी पुन्हा कधीच देर्लिसचा विषय काढणार नाही," ती म्हणाली. "माझीही शपथ."

देओलिंदाबाईंच्या हातून पळी पडली. देर्लिसचा चेहरा पांढराफटक झाला, कारण त्याने यूकीरीची बचावफळी पाहिली होती. नोएलियाने नंतर आईला स्वयंपाकघरात समजावलं की अशी शपथ घेतली नसती तर बाबांनी हे प्रकरण वीस वर्षं लोंबकळत ठेवलं असतं. आता निदान एका वर्षात सोक्षमोक्ष लागेल. आईला ते पटलं नाही. ती म्हणाली, बोगादोंच्या रक्तातच हा आजार आहे.

पहिला धक्का आठवडाभरातच बसला. देशातली चषक-स्पर्धा अशा क्लबाने जिंकली की जो आधीच मोठ्या स्पर्धेत पोचलेला होता. त्यामुळे चषकविजेत्याची राखीव जागा रिकामी राहिली आणि क्रमवारीत एक पायरी खाली घसरली. खालच्या पायरीवर कोण उभं होतं? यूकीरी! गावात फटाके वाजले. एलिहिओ दुकानाच्या दारात उभे राहून हसत होते, कारण न हसता उभं राहणं त्यांना गावात परवडणारं नव्हतं. मनात ते म्हणाले, जाऊ दे. पहिल्या फेरीत एकाच देशाच्या दोन क्लबांना एकमेकांशी लढावं लागतं. यूकीरीला तिथे कोणीही हरवील.

मार्चमध्ये त्या सामन्याच्या दिवशी देर्लिस हिरवा रुमाल गळ्यात घालून दारात हजर झाला. जन्मापासून लाल घातलेला तो माणूस हिरव्या रुमालात औषध प्यायल्यासारखा दिसत होता. देओलिंदाबाईंनी त्याच्यासाठी तिसरी खुर्ची मांडली. आणि मग ते घडलं, म्हणजे समोरच्या क्लबाच्या बचावपटूने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला. यूकीरी एक-शून्यने जिंकलं. देर्लिस आनंदाने ओरडला. एलिहिओही ओरडले, मग त्यांना आठवण झाली आणि ओरडणं त्यांनी खोकल्यात विरघळवलं.

गट पडले. यूकीरीच्या गटात एक ब्राझीलचा बलाढ्य क्लब, एक बोलिव्हियाचा, जिथे इतक्या उंचावर खेळायचं की पाहुण्यांना धाप लागते, आणि एक व्हेनेझुएलाचा. एलिहिओंनी दुकानात सगळ्यांना समजावलं की प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे, आणि गटातला फक्त पहिला पुढे जातो. पहिले येणार ब्राझीलवाले. म्हणजे संपलं. हे ते इतक्या खुशीत सांगत की गिऱ्हाइकं चक्रावून जात.

तरी त्यांनी सावधगिरी म्हणून एक पाऊल उचललं. नशीब फिरू नये म्हणून प्रत्येक चाहत्याचे काही पाळायचे नेम असतात. एलिहिओंचा नेम असा की यूकीरीचा एक जुना हिरवा शर्ट ते सामन्याच्या दिवशी घालत आणि तो कधीही धूत नसत. अकरा वर्षांत त्याला पाणी लागलं नव्हतं. सामन्याच्या दिवशी देओलिंदाबाई सगळ्या खिडक्या उघड्या ठेवत. गटातल्या पहिल्या सामन्याच्या सकाळी एलिहिओ अंगणात गेले, इकडेतिकडे बघितलं आणि शर्ट साबणाच्या पाण्यात बुडवला. एवढं मोठं पाप त्यांनी क्लबाच्या बाबतीत आयुष्यात केलं नव्हतं. पण मुलीचा प्रश्न होता.

यूकीरीने व्हेनेझुएलाच्या क्लबाला तीन-शून्यने हरवलं.

शेजारच्या कुंपणावरून ओसोरिओ या शेजाऱ्याने शर्ट दोरीवर वाळत घातलेला पाहिला होता. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की अकरा वर्षांनी एलिहिओंनी शर्ट धुतला आणि अकरा वर्षांनी यूकीरीने तीन गोल मारले. दोन्हींचा संबंध उघड होता. पुढच्या सामन्याच्या सकाळी ओसोरिओ आणखी चारपाच जणांना घेऊन कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्यांनी बरोबर साबणाची वडीही आणली होती.

"धुतला का?" ओसोरिओने विचारलं.

एलिहिओंनी गयावया केली, नेम मोडल्याचं दुःख आहे म्हणाले, आता पुन्हा नको म्हणाले. कुणी ऐकेना. सगळ्यांच्या देखत त्यांनी शर्ट धुतला आणि यूकीरीने बोलिव्हियात, त्या आभाळाला टेकलेल्या मैदानावर, बरोबरी साधली. तिथून पुढे दर सामन्याआधी एलिहिओंच्या अंगणात शर्ट धुण्याचा सोहळा होऊ लागला. तेरेरे या पाल्याच्या थंडगार पेयाचं शिंगाचं भांडं हातोहात फिरे, एकेक जण घोट घेऊन पुढे देई, आणि मधोमध एलिहिओ आपल्या मुलीचं लग्न स्वतःच्या हाताने घासूनपुसून जवळ आणत बसलेले असत. देर्लिस पिळायला मदत करायचा.

तरी शेवटच्या सामन्यात ब्राझीलवाल्यांनी आब राखला. ते गटात पहिले आले आणि यूकीरी दुसरं. एलिहिओंच्या छातीवरची शिळा उतरली. यूकीरीचा पराभव झाल्याचं दुःख त्यांनी चेहऱ्यावर व्यवस्थित मांडलं, टीव्ही बंद केला आणि देर्लिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की पोरा, छान झालं, पण गटातला पहिलाच पुढे जातो.

"बाबा, तो नियम बदलला," नोएलिया म्हणाली.

"कधी?"

"काही वर्षं झाली. दुसरा आलेला घरी नाही जात. मोठ्या स्पर्धेत गटात तिसरे आलेले क्लब खाली धाकट्या स्पर्धेत येतात, त्यांच्याशी दोन सामने खेळायचे. जो जिंकेल तो शेवटच्या सोळांत."

एलिहिओ म्हणाले की असं काही त्यांच्यात ठरलेलं नाही. नोएलियाने फोनवर नियम उघडून त्यांच्यापुढे धरला. चष्मा सापडत नसल्याचं सांगून त्यांनी वाचणं टाळलं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला हे कारण देणं म्हणजे कमालच होती. पण मग त्यांनी विचार केला की मोठ्या स्पर्धेतून खाली आलेला क्लब म्हणजे जखमी वाघ. कुठलाही असला तरी यूकीरीला फाडून खाईल. ते निर्धास्त झोपले.

सकाळी जोड्या जाहीर झाल्या. गुणांच्या क्रमाने चांगल्या दुसऱ्यासमोर कमी गुणांचा तिसरा अशा त्या लागल्या होत्या. मोठ्या स्पर्धेत गटात तिसरं येऊन, मान खाली घालून, यंदा धाकट्या स्पर्धेत उतरलेला, यूकीरीच्या वाट्याला आलेला क्लब होता मारिस्काल.

त्या दिवशी लुकेत कुणाला काही सुचेना. एलिहिओंना तर मुळीच नाही. आयुष्यभर ज्यांना पाण्यात पाहिलं त्या मारिस्कालने जिंकावं म्हणून त्यांना आता प्रार्थना करायची होती. आणि तिकडे असुन्सिओनात देर्लिस जेवेना. तीन पिढ्या मारिस्कालचं घर. त्याच्या बापाने बजावलं होतं की मोठ्या स्पर्धेतून आधीच हाकललेत, आता जर एका ओढ्याकडून हरलो तर मी तोंड दाखवणार नाही. आणि मारिस्काल हरलं नाही तर देर्लिसचं लग्न होणार नव्हतं.

पहिला सामना मारिस्कालच्या मैदानावर एक-एक असा बरोबरीत सुटला. परतीचा सामना लुकेत होता. टीव्हीवर बघण्याचा प्रश्नच नव्हता. अख्खं गाव मैदानावर निघालं होतं. जुलैतली थंड संध्याकाळ, अंगात नुकताच धुतलेला आणि अजून ओलसर असलेला शर्ट, आणि ओळीने बसलेले देओलिंदाबाई, नोएलिया, एलिहिओ आणि देर्लिस. पाठीमागे ओसोरिओ आणि त्याची मंडळी. देर्लिसने हिरवा रुमाल घट्ट गुंडाळला होता, जणू तो सुटला तर आतून लाल काहीतरी बाहेर येईल.

सामना सुरू झाला आणि दोघांच्याही अंगाने दगा द्यायला सुरुवात केली. मारिस्कालने पहिला गोल केला तेव्हा देर्लिसचे गुडघे आपोआप सरळ झाले. तो अर्धा उठला, आजूबाजूला हिरवे शर्ट पाहिले आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. यूकीरीने बरोबरी केली तेव्हा एलिहिओ बाकावर उभे राहून नाचले आणि मग "थंडी फार आहे" असं म्हणून खाली बसले. यूकीरीने दुसरा मारला. देर्लिस टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एलिहिओ डोकं धरून बसले होते आणि त्यांच्या ओठांवर हसू होतं. देओलिंदाबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि पर्समधून चिपा या चीजच्या पावाचा तुकडा काढून निमूटपणे खायला लागल्या.

अगदी शेवटच्या क्षणी मारिस्कालने बरोबरी केली. दोन-दोन. पंचांनी शिट्टी वाजवली.

एलिहिओंनी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही सामने मिळून बरोबरी. पण यूकीरीने मारिस्कालच्या मैदानावर एकच गोल केला होता आणि मारिस्कालने इथे येऊन दोन. बरोबरी झाली की परक्या मैदानावरचे गोल जास्त ज्याचे तो पुढे. हे तर लुकेतलं शेंबडं पोरही सांगेल. मारिस्काल पुढे गेलं. यूकीरी गेलं, आणि नोएलिया राहिली. क्लबासाठी त्यांना वाईट वाटलं, आणि लेक राहिली म्हणून बरंही वाटलं. जिंकलेला माणूस उदार होतो. एलिहिओ देर्लिसकडे वळले. पोर डोक्याला हात लावून बसलं होतं.

"ऊठ," एलिहिओ म्हणाले, आणि मागच्या रांगेलाही ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. "तू चांगला मुलगा आहेस. आज सगळ्यांसमोर सांगतो, माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. माझ्या हातात असतं ना, तर मी असं लग्न लावून दिलं असतं की लुकेने नाव काढलं असतं. अख्खा बैल भाजला असता. हार्पवाल्यांचा ताफा आणला असता. नोएलियाची कर्णफुलं मी स्वतः घडवली असती, तुलाही अंगठी केली असती. मागच्या दोन खोल्या तुम्हाला देऊन टाकल्या असत्या, असुन्सिओनला जायचीही गरज नाही. पण काय करणार? नियम तो नियम. माऊलीला शब्द दिलाय."

मागच्या रांगेत ओसोरिओने डोळे पुसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. देओलिंदाबाई चिपा चावायच्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "एलिहिओ, तू हे सगळं आत्ता माणसांसमोर बोललास, कळतंय ना तुला?"

एलिहिओंनी मान हलवली. कळत होतं. म्हणूनच तर बोलले होते. आता घरी जाऊया, असं म्हणून ते उठले. पण कुणीच उठेना. मैदानावरचे खेळाडूही आत गेले नव्हते. ते मधल्या रेषेवर एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे होते.

"हे जात का नाहीत?" एलिहिओंनी विचारलं.

"बाबा," नोएलिया म्हणाली, "परक्या मैदानावरच्या गोलांचा नियम केव्हाच रद्द झालाय. आणि जादा वेळही नाही. आता सरळ पेनल्टी."

एलिहिओ बाकावर बसले. नोएलियाने त्यांचा हात हातात घेतला, लहानपणी घ्यायची तसा. एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला देर्लिस, आणि समोर एक गोलपोस्ट. आपल्याला काय हवंय हे त्या क्षणी एलिहिओंना सांगता आलं नसतं. मारिस्कालने मारली की लेक आपल्याकडे राहील म्हणून बरं वाटे, आणि त्याच बरं वाटण्याची लाजही वाटे. यूकीरीने मारली की अंग शहारे. दोन्हीकडचे सगळे फटके आत गेले, आणि शेवटचा फटका मारायला मारिस्कालचा कप्तान आला.

त्याने डावीकडे मारली. यूकीरीचा गोलकीपर डावीकडेच झेपावला आणि चेंडू त्याच्या कोपराला लागून खांबाबाहेर गेला.

पुढचं एलिहिओंना आठवत नाही. लोक सांगतात की ते दोन रांगा ओलांडून कुंपणावर चढले, ओल्या शर्टाने ओसोरिओला मिठी मारली, गोलकीपरला हाका मारत रडले, आणि मग धावत परत येऊन नोएलियाला उचलून गरागरा फिरवलं. "जिंकलो!" ते ओरडत होते. "शेवटचे सोळा, नोएलिया! शेवटच्या सोळांत!"

"हो बाबा," नोएलिया त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली. "जिंकलो."

तिच्या आवाजातलं काहीतरी त्यांच्या कानात शिरलं. त्यांनी तिला खाली ठेवलं. आपण काय जिंकलो ते त्यांना हळूहळू कळत गेलं. चर्च, हात, हवाली, आणि वर बैल, हार्प आणि दोन खोल्या, ओसोरिओसकट साक्षीदारांसह.

"मग रविवारी माझ्याजवळ कोण बसणार गं?" ते म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि हे बोलायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

"तुम्हीच आत्ता दोन खोल्या दिल्यात ना आम्हाला," नोएलियाने ओल्या डोळ्यांनी हसत त्यांचा शर्ट सारखा केला. "आता देर्लिसला तरी हे सांगूया. तो कुठाय?"

देर्लिस कुठे गेला, हे कुणीच पाहिलं नव्हतं. सगळे मैदानाकडे धावले होते. तो तिथेच, रिकाम्या झालेल्या बाकाच्या टोकाला बसला होता. हिरवा रुमाल तोंडावर धरून तो हमसून हमसून रडत होता. नोएलियाचा चेहरा मऊ झाला. मुलगा आपल्यासाठी आनंदाने रडतोय हे पाहून कुठल्या मुलीला बरं वाटणार नाही?

एलिहिओ त्याच्याजवळ जाऊन बसले. आता तो जावईच होता, तर धीर देणं त्यांचं काम होतं. ते म्हणाले की अरे, रडतोस काय, मिळाली ना तुला मुलगी.

"ते बरोबर आहे, काराई एलिहिओ," देर्लिसने हुंदका दिला. "पण डावीकडे का मारली हो त्याने? सगळा हंगाम तो उजवीकडे मारत आलाय."

नोएलिया जागच्या जागी थबकली. पण एलिहिओंच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. लग्न ठरलेल्या संध्याकाळी क्लबासाठी असं रडणारा माणूस त्यांनी आरशाबाहेर प्रथमच पाहिला होता. दोन वर्षं ज्याच्यात त्यांना फक्त लाल रंग दिसला, तो एकदम घरचा वाटायला लागला. त्यांनी देर्लिसला जवळ ओढलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "मला माहीत आहे रे, पोरा. मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याच पोराने अशीच वाया घालवली होती. आठवडाभर मी जेवलो नव्हतो."

"कमरेच्या उंचीला मारली त्याने," देर्लिस म्हणाला.

"तीच तर चूक. खाली मारायला हवी होती."

नोएलिया आईकडे वळली.

"आई, लग्न या दोघांचंच लावून दे," ती म्हणाली. "मी घरी जाते."

आणि ती खरोखरच निघाली, देओलिंदाबाईही तिच्यामागून निघाल्या. फाटकापाशी जाऊन नोएलियाने वळून पाहिलं, की आता तरी दोघांपैकी एक जण धावत येईल. कुणी आलं नाही. देर्लिस बाकावर उभा राहून पाय कसा वळवायला हवा होता ते दाखवत होता, आणि एलिहिओ त्याला सांगत होते की छे छे, तसं नाही, आमच्यात वेगळं ठरलंय.